पिस्टन सुटेपर्यंत

आमच्या शेजारच्या घरातून पूर्वी दिवसभर कुठल्या ना कुठल्या मोटरसायकलचा आवाज यायचा. घराच्या पुढच्या खोलीत मिस्त्रींचं गॅरेज होतं. सगळी गल्ली त्यांना मिस्त्रीच म्हणायची आणि त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी. गाडी दारात येऊन थांबायच्या आत, हातातला चहाचा कप खाली न ठेवता, मिस्त्री तिचं दुखणं सांगून मोकळे व्हायचे. गिऱ्हाईक जे सांगतं आणि गाडी जे सांगते त्याचा एकमेकांशी क्वचितच संबंध असतो, असं त्यांचं मत होतं.

एका दुपारी एका स्कूटरचं चाक काढता काढता ते तिथेच आडवे झाले. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात लोंबत होता, उजवा पाय फरफटत होता आणि वाचा गेली होती. सगळीच गेली असती तर निदान कळलं असतं. एक शब्द तेवढा मागे राहिला होता: "नको." पाणी हवं असलं तरी नको, उशी सरकवायची असली तरी नको, वहिनींना हाक मारायची तरी नकोच. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतं, फक्त मनातला शब्द ओठांवर येत नाही. वहिनी मला म्हणाल्या, "जन्मभर या माणसानं कुणाला नाही म्हटलं नाही. आता दुसरं काही म्हणताच येत नाही."

पहिल्या काही महिन्यांत मिस्त्रींनी धडपड केली. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मुलगी परगावी, तिचा संसार लहान मुलांचा. ती येऊन रडून गेली. गॅरेजची खोली वहिनींनी एका फरशीवाल्याला माल ठेवायला दिली आणि स्वतः इस्पितळाच्या लॉन्ड्रीत कामाला लागल्या. चादरी धुवायच्या, वाळवायच्या, घड्या घालायच्या. सकाळी मिस्त्रींचं सगळं आवरून जायचं, दुपारी यायचं. दुपारपर्यंत मी अधूनमधून डोकावायचे.

तेवढ्यात लॉन्ड्री शहराबाहेर हलवली. पहिल्या पाळीच्या वेळेला तिकडे बस जात नव्हती. थोडे दिवस वहिनी कुणाच्या ना कुणाच्या गाडीवर मागे बसून गेल्या, पण रोज कोण नेणार? दोनदा उशीर झाला. तिसऱ्यांदा मुकादम म्हणाला, "बाई, तुमची अडचण मला कळते. पण चादरींना कळत नाही." त्या दिवशी वहिनी घरी आल्या आणि चपला न काढताच घराच्या बाजूच्या बोळात उभ्या राहिल्या.

त्या बोळात मिस्त्रींची स्वतःची मोटरसायकल उभी होती. लोकांच्या गाड्या दुरुस्त करण्याच्या नादात तिचं काम उद्यावर पडत गेलं होतं, आणि ते आडवे झाले त्याच्याही कितीतरी आधीपासून ती ताडपत्रीखाली होती. वहिनींनी लग्नाआधी वडिलांची मोपेड चालवली होती आणि लग्नानंतर एकदा याच गाडीवर मैदानात दोन चकरा मारल्या होत्या. एवढ्या भांडवलावर त्यांनी ताडपत्री ओढली.

दोन्ही चाकं बसलेली, चेन गंजून काठीसारखी ताठ. टाकीचं झाकण उघडलं तर आतून पेट्रोलचा नाही, जुन्या वार्निशचा आंबूस वास आला. त्यांनी किक मारली. किक हललीच नाही. पायाखाली दगड असावा तशी.

"पिस्टन धरलाय," मिस्त्रींचा जुना भागीदार येऊन म्हणाला. त्याचं आता हमरस्त्यावर मोठं वर्कशॉप होतं. "आत गंज चढून सिलिंडरला चिकटलाय. प्लग काढून भोकातून तेल सोडून ठेवा, सुटला तर सुटला. पण वहिनी, खरं सांगू? भंगारात द्या."

"आणि मी कामावर काय उडत जाऊ?"

तो मिस्त्रींना न भेटताच गेला. त्यांच्या खोलीचं दार बोळातच उघडत होतं. खाटेवरून त्यांना गाडीचं मागचं चाक दिसायचं; तो आला आणि गेला हेही त्यांनी ऐकलं असणार.

वहिनींनी खाटेखालून हत्यारांची पेटी ओढली. प्लग काढायलाच त्यांना एक संध्याकाळ लागली. भोकातून इंजिन ऑइल आणि थोडं रॉकेल सोडलं. दुसऱ्या दिवशी किकवर उभं राहून सगळं वजन टाकलं. काही नाही. तिसऱ्या दिवशी त्या किकवर चक्क उड्या मारायला लागल्या.

आतून आवाज आला, "नको."

"आले हं, थांबा."

"नको. नको. नको!"

"अहो, गाडीला हात लावू नको म्हणताय ना? मग उठा आणि तुम्ही लावा!"

आणि पाठोपाठ स्टीलचा पेला भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. डाव्या हातानं फेकलेला. नेम चुकून तो बोळात गडगडत आला. मी माझ्या ओट्याशी होते, हातातलं काम टाकून धावले. वहिनी दारात उभ्या होत्या, हात कोपरापर्यंत काळे. त्या ओरडत नव्हत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "माझी नोकरी गेली की आपण दोघं काय करायचं, ते सांगा. तुमच्या त्या एका शब्दात सांगा." मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा चांगला हात मोकळा नव्हता, त्या हातावर भार देऊन ते कसेबसे अर्धवट उठले होते.

मी त्यांना टेकून बसवलं. मग त्यांनी डाव्या हातानं आपला उजवा हात मनगटाशी धरला, मांडीवर घेतला आणि हळूहळू पुढेमागे, पुढेमागे डोलवायला लागले. वहिनींना वाटलं, हात दुखतोय. त्या तेल घेऊन आल्या आणि चोळायला बसल्या. मिस्त्रींनी मान हलवली, हात झटकला आणि बोट बोळाकडे केलं. चाकाकडे. पुन्हा तो लुळा हात धरला आणि डोलवला. हळू, अगदी हळू.

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. "चाक असं हलवू? जोर न लावता?"

"नको," मिस्त्री म्हणाले आणि मान होकारार्थी हलवली.

मग डाव्या पायानं हवेत टाच दाबून दाखवली, पुन्हा पुन्हा. ते मात्र वहिनींना लगेच कळलं. गिअर टाकायचा होता, सगळ्यात वरचा. गाडी मधल्या स्टँडवर, गिअरमध्ये, आणि चाक हातानं पुढेमागे झुलवायचं, म्हणजे आतला पिस्टन थोडा थोडा हलायला लागेल. किकवर आणखी उड्या मारल्या असत्या तर किकचे दात तुटले असते, किंवा आणखी काही. वहिनी मला म्हणाल्या, "बाई गं, इतके दिवस मी यांच्या 'नको'ला नकोच समजत होते."

रोज संध्याकाळी गंजलेल्या चेनला तेल चोळायचं, प्लगच्या भोकात ताजं तेल सोडायचं आणि चाकाशी बसायचं. मिस्त्रींनी आता तोंड बोळाकडे केलं होतं. पण चाक हलेना. बोटभरसुद्धा नाही. इकडे मुकादमाचा निरोप आला, की सोमवारपासून वेळेवर नसाल तर येऊच नका. वहिनींनी ओळखीच्यांपुढे शब्द टाकून पाहिला, जुनी मोपेड मागून पाहिली, सायकलवर जायचा विचारही केला. शनिवारी त्यांनी हात टेकले. भंगारवाल्याला बोलावलं.

तो आला, त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि कुणाचं तरी अखेरचं दर्शन घेतल्यासारखा चेहरा केला. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. वहिनी त्यांच्या दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या. भंगारवाल्यानं स्टँड काढला आणि गाडी ढकलली. ती सरकेना, मागचं चाक फरशीवर घासत होतं. गाडी गिअरमध्ये आहे हे सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तो गडी अंगापिंडानं भक्कम. त्यानं खांदा लावला, दम धरला आणि जीव खाऊन रेटा दिला.

आतून काहीतरी ओलं फाटल्यासारखा आवाज झाला, चाक फिरलं, आणि प्लगच्या उघड्या भोकातून काळ्या तेलाची चिळकांडी उडून त्याच्या शर्टावर, मानेवर, मिशीवर बसली.

मग खाटेवरून एक विचित्र आवाज आला. मी घाबरले, मला वाटलं पुन्हा झटका आला. मिस्त्री हसत होते. अर्ध्याच तोंडानं, पण हसत होते.

भंगारवाला गाडी न घेताच तणतणत गेला. त्याचा शर्ट वहिनींनी नंतर लॉन्ड्रीत तीनदा धुतला; डाग काही निघाला नाही.

रविवार उजाडला आणि मिस्त्रींनी भिंत धरून, पाय ओढत, स्वतः बोळापर्यंत येऊन स्टूल गाठलं. मी टाकी धुवायला मदत केली. आत रॉकेल आणि मूठभर नट टाकून दोघींनी ती इतकी हलवली की खांदे भरून आले. बाहेर पडलं ते चहापत्तीसारखं तांबडं पाणी. इंजिनचं जुनं ऑइल काढून नवं भरलं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून डिंकासारखं झालं होतं. त्यातल्या पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं. वहिनी त्यात टाचणी घालायला गेल्या तसा मिस्त्रींनी त्यांचा हात धरला आणि विजेच्या वायरीतली एक बारीक तार काढून दिली. टाचणीनं भोक मोठं झालं असतं. ठिणगी पाडणारे पॉइंट पॉलिशपेपरनं घासले. चाकांत हवा भरली. मागचं टिकलं, पुढच्याची ट्यूब बदलावी लागली.

दुपार उलटून गेल्यावर वहिनींनी किक मारायला सुरुवात केली. गाडी जुनी, तिला बॅटरीची गरज नव्हती, पण माणसाच्या पायाची फार होती. किक, किक, काही नाही. प्लग काढून वाळवला, पुन्हा किक. वहिनी जमिनीवर बसल्या, उठल्या, पुन्हा किक. त्यांच्या पोटरीवर निळं टेंगूळ आलं होतं. मी म्हटलं, उद्या बघू. "उद्या सोमवार आहे," त्या म्हणाल्या.

आणि कधीतरी ती खोकली. पांढरा धूर, भक्कन बंद. पुन्हा खोकली. मिस्त्रींनी डाव्या हातानं चोक थोडा आत ढकलला, आणि गाडी अडखळत, खडखडत, पण धरून चालायला लागली. बोळ धुरानं भरला. वहिनी हँडल धरून उभ्या होत्या; त्यांना सोडायचा धीरच होत नव्हता.

एवढ्यावर संपलं असतं तर मला बरं वाटलं असतं. धूर ओसरला तेव्हा मिस्त्री दारात उभे होते. कसं कुणास ठाऊक, पण त्यांनी चप्पल घातली होती. ते मागच्या सीटकडे पाहत होते.

वहिनींना कळलं. "अहो, नाही. उजव्या हातानं धरणार कसं? मलाच नीट येत नाही अजून. पडलो तर?" मिस्त्रींनी सीटवर हात ठेवला, तो वहिनींनी अलगद काढला. मिस्त्रींनी पायातली चप्पल काढली. परत गेले, खाटेवर आडवे झाले आणि भिंतीकडे वळले.

सोमवारी वहिनी गेल्या. कोपऱ्यावर गाडी दोनदा बंद पडली, लॉन्ड्रीच्या फाटकाजवळ थांबायचं म्हणून ब्रेक दाबला तर ती आणखी थोडी पुढे जाऊन थांबली. पण पाळीला पोचल्या. घरी आल्या तर मिस्त्रींनी जेवणाला हात लावला नव्हता. पुढचा आठवडा तसाच. त्या मला म्हणायच्या, "गाडी सुरू केली आणि माणूस बंद पडला. मी काय करू, तुम्हीच सांगा." मिस्त्रींचं मन मोडलं होतं, आणि वहिनींचं म्हणणंही चूक नव्हतं.

मग गाडीनंच रोज काहीतरी काढायला सुरुवात केली. पिस्टनच्या जुन्या रिंगांतून ऑइल वर येऊन प्लग काळा पडायचा. वहिनी कामावरून थकून यायच्या, प्लग काढून खाटेच्या कडेला ठेवायच्या, शेजारी वायरब्रश, आणि स्वयंपाकाला लागायच्या. समजूत घालायचं त्यांनी सोडून दिलं होतं. तेवढा जोरच उरला नव्हता. काही दिवस प्लग तसाच पडून राहिला आणि त्यांनीच तो घासला.

परवा मी वाटी परत द्यायला गेले. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून बसल्या जागी झोपल्या होत्या. मिस्त्री खाटेवर उठून बसले होते. प्लग त्यांनी दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरला होता आणि डाव्या हातानं, सवय नसल्यामुळे वेडावाकडा, ब्रश चालवत होते. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि पुन्हा मान खाली घातली.