एरियल नव्हती ती, दिगंबर

त्या रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा दिगंबरला आता काय कारण सांगावं, याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. येतो म्हणून कबूल केलं होतं आणि जायचं तर नव्हतं. गाडी बिघडल्याचं मागच्या खेपेला सांगून झालं होतं, म्हणून या वेळी पाहुणे आलेत म्हणायचं ठरवलं. फोनवर त्याचंच नाव दिसलं. मी उचलला आणि तो बोलायच्या आधीच "अरे, काय झालं, पाहुणे..." असं सुरूही केलं. पलीकडून सुमनवहिनींचा आवाज आला, "भाऊजी, हे गेले हो."

लातूरहून उमरग्याला मी त्या दिवशी वेळेत पोचलो. गाडीला काही झालं नाही. थेट स्मशानात गेलो आणि तिथूनच परत फिरलो, घरी गेलोच नाही. लोकांना वाटलं, लहानपणापासूनचा दोस्त, त्याच्याशिवायच्या घरात पाऊल टाकवत नसेल. मी वाटू दिलं. लोकांना काहीतरी वाटू देणं आणि आपण गप्प राहणं, हे मला फार वर्षांपासून जमतं.

दिगंबर आणि मी उमरग्यात चौथीपर्यंत एका बाकावरचे; मग त्याचे आईवडील त्याला घेऊन दुसरीकडं राहायला गेले. पुढं मोठेपणी तो उमरग्यातल्याच एका शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून परतला आणि मी नोकरीच्या मागं लातूरला गेलो. माझे वडील, अण्णा, उमरग्यात डॉक्टर होते. पुढं दवाखाना, मागं राहायच्या खोल्या, मध्ये लांबलचक बोळ, असं आमचं दगडी घर. अण्णांनीही ते जुनंच घेतलेलं, निजामाच्या काळातल्या कुणा अंमलदाराचं. अण्णा गेल्यावर घर विकायला काढलं तेव्हा दिगंबर म्हणाला, "परक्याला कशाला देतूस? मी घेतो. तू आलास की तुझ्याच घरात उतर, फकस्त चहा आमचा." अशा रीतीनं माझ्या बापाचं घर त्याचं झालं, आणि त्या घराला काय काय चिकटलेलं आहे ते शोधण्याचा त्याचा छंदही तिथूनच सुरू झाला.

चित्रकलेचा मास्तर तो. आम्ही त्या घरात वाढलो पण छताकडं कधी पाहिलं नाही. तो उताणा पडून तासन् तास पाहायचा. कुठं काही खिळा, कडी, भोक, तबकडी दिसली की फोनवर फोटो यायचा, खाली एकच ओळ, ‘ओळख पाहू.’ बैठकीच्या छतातली लाकडी तबकडी आणि तिच्यातला आकडा, तो काचेची हंडी टांगायचा, हे त्यानं स्वतःच ओळखलं. परसातल्या भिंतीतली जाड कडी घोडा बांधायची, हे मी सांगितलं. तपासायची खोली आणि औषधाची खोली यांच्यामधल्या भिंतीत वीतभर चौकोनी खिडकी होती, तिला फळीची झडप. तिथून कंपाउंडर बाटल्या द्यायचा, हे ऐकून तर तो इतका खूश झाला की औषधाच्या खोलीत त्यानं स्वैपाकघरच नेलं. मग इकडच्या खोलीत बसून झडप वाजवायचा, "कंपाउंडर, एक डोस! कडक!" पलीकडून वहिनी, "पेशंट सकाळपासनं चौथ्यांदा आलाय. दुखणं काय ते तरी सांगा." आणि झडपेतून कप यायचा. मी गेलो की मला दोन डोस.

एका बाबतीत मात्र त्याचं कोडं सुटेना. पुढच्या दाराच्या दगडी चौकटीत छातीइतक्या उंचीवर पितळी काठ असलेलं एक भोक. बोळात छताजवळ एक छोटी लोखंडी कप्पी, रंगाचे थर बसून गच्च झालेली. आणि आतल्या खोलीत, जिथं अण्णा झोपायचे तिथं, पलंगाच्या वर भिंतीत पोलादी पट्टीचा एक वळलेला तुकडा. तिन्ही एकाच सरळ रेषेत आहेत, हे त्याच्या मास्तरी नजरेनं लगेच हेरलं. "एकाच वस्तूचे तीन अवयव हायेत हे, विजू. मधलं धड गायब हाय. काय व्हतं?"

मी म्हणालो, "ठाऊक नाही."

"जलमलास हितं आन् ठावं न्हाय?"

"पोरं घराकडं कुठं बघतात रे... रेडिओची एरियल असेल."

त्यानं मान वर करून कप्पीकडं पाहिलं. मग म्हणाला, "एरियलला कप्पी कशाला लागती लेका? रेडिओ काय हिरीतनं शेंदायचा व्हता?"

मी हसलो. तोही हसला. पण माझ्या शब्दाखातर त्यानं एरियलचा विचार केला. जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कुणाला तरी घरी आणून दाखवलं. त्यानं नाही म्हटल्यावर दोरीनं ओढायचा पंखा, मग पडदा, मग पाळण्याची दोरी... दर काही महिन्यांनी नवा तर्क यायचा आणि मी "असेल" म्हणायचो. कोडं आपणच सोडवायचं, गावात कुणाला विचारायचं नाही, हा त्याचा हट्ट. अशी कितीतरी वर्षं. तो उत्तर हुडकत राहिला आणि उत्तर त्याच्यासमोर मांडी घालून चहा पीत बसलेलं असायचं.

मला माहीत होतं. ती दवाखान्याची घंटी होती. त्या काळात उमरग्यात विजेचा भरवसा नसायचा, म्हणून दिगंबरचं घर गाव सोडून गेल्यावर अण्णांनी लोहाराकडून तारेची घंटी करून घेतली होती. चौकटीत लाकडी मूठ. ती ओढली की तार भिंतीतून बोळात यायची, कप्पीवरून वळून आतल्या खोलीत जायची आणि अण्णांच्या उशाशी पोलादी पट्टीवर टांगलेली पितळी घंटी खणखणायची. रात्र असो, दुपार असो, अण्णा उठायचे. हायवेवरच्या ट्रकवाल्यांपासून सीमेपलीकडच्या कानडी गावांपर्यंत सगळ्यांना ती मूठ ठाऊक होती.

बारावीची परीक्षा झाल्यावरचा उन्हाळा. आसपासच्या वस्त्यांवर हगवण-उलटीची साथ होती आणि अण्णा दोन रात्री झोपले नव्हते. त्या दुपारी ते जेवून आडवे झाले. मी बोळातल्या गारव्याला शहाबादी फरशीवर पडून रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत होतो. स्टुलावर चढलो आणि कप्पीच्या खाचेत पेन्सिलीचा तुकडा घट्ट दाबून बसवला, तार सरकू नये म्हणून. पुढं आयुष्यभर मी स्वतःला सांगत आलो की अण्णांना झोप मिळावी म्हणून मी ते केलं. तसं नव्हतं. घंटी वाजली की अण्णा उठणार, अण्णा उठले की रेडिओ बंद होणार, आणि मॅच रंगात आली होती. एवढंच कारण होतं.

थोड्या वेळानं माझ्या डोक्यावरची तार ताणली गेली. कप्पी हलली नाही. तार थरथरली, सैल पडली आणि परत ताणली गेली. मी ते पाहिलं. रेडिओचा आवाज थोडा कमी केला, कान दिला. बाहेरून हाक आली नाही, कुणी कडी वाजवली नाही. फार घाईचं नसेल, थांबतील चारपर्यंत, असं म्हणून मी आवाज परत वाढवला. मग बऱ्याच वेळानं तार आणखी एकदा थरथरली.

अण्णा चारला उठले आणि दार उघडलं. समोर लिंबाखाली बैलगाडी सोडलेली. एक माणूस पायरीवर बसलेला, गाडीत त्याची आई. "कवापासनं बसलायसा?" अण्णांनी विचारलं. तो म्हणाला, "जेवणवक्तापासनं, साहेब. घंटी वढली की. म्हणलं येतीलच डाक्टर." अण्णा गाडीकडं धावले. मी आत स्टुलावर चढून पेन्सिल उपसली आणि खिशात घातली. हात सराईतासारखे चालत होते... म्हातारी संध्याकाळच्या आत गेली.

रात्री अण्णांनी दाराबाहेर जाऊन स्वतः मूठ ओढून पाहिली. आत घंटी खणखणीत वाजली. ते परत आले, खाटेवर बसले आणि आईला म्हणाले, "घंटी चांगली आहे. मीच मेल्यासारखा झोपलो. एक बाटली सलाईन वेळेत लावलं असतं तर बाई जगली असती." मी दारात उभा होतो. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही. त्यानंतर अण्णा दुपारी कधीही आडवे झाले नाहीत. जेवले की पुढचं दार सताड उघडं टाकून खुर्चीत ताठ बसायचे, मान लवंडली की दचकून जागे व्हायचे. काही दिवसांनी त्यांनी घंटी, तार, मूठ सगळं काढून टाकलं. "माझ्या कानाचा भरवसा नाही," एवढंच म्हणाले. जाईपर्यंत त्यांचं तेच मत राहिलं. ते मी बदलू शकलो असतो.

म्हणून दिगंबर जेव्हा कप्पीकडं बोट करून विचारायचा, तेव्हा ‘घंटी’ हा शब्द माझ्या तोंडून निघायचा नाही. घंटी म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग काढली का? दिगंबर प्रश्न अर्धा सोडणारा माणूस नव्हता. खरं तर त्याच्यासारखा ऐकून घेणाराही मला दुसरा नव्हता. हे आता कळतं.

गेल्या वर्षी त्याची मूत्रपिंडं थकली. डायलिसिससाठी सोलापूरच्या खेपा सुरू झाल्या. मी फोन करायचो, डॉक्टर काय म्हणाले विचारायचो. तो आजाराचं दोन वाक्यांत उरकायचा आणि म्हणायचा, "तू कवा येतूस? एक गंमत दावायची हाय. फोनवर सांगायची न्हाय." त्या आवाजातला आनंद मी ओळखत होतो. हंडीच्या आकड्याच्या वेळी तोच होता. मला कळलं, याला सापडलं. आणि मी जायचं टाळू लागलो. ऑफिस, पाय मुरगळला, गाडी. शेवटी शेवटी त्याचा आवाज खोल गेला होता, तरी विचारणं तेच, "येतूस न्हवं?" आजारी दोस्ताला भेटायला मी गेलो नाही, कारण त्याच्या बोळात एक कप्पी होती.

मागच्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. चौकटीकडं न बघताच हाक मारली तर वहिनी आल्या. पाणी दिलं. काही वेळ आम्ही दोघंही त्याच्या रिकाम्या पलंगाकडं न बघता बसलो. मग त्याच म्हणाल्या, "तुमी घंटी वाजवली न्हाई?" मी मान वर केली. पलंगाच्या वर, त्या पोलादी पट्टीवर, नवी पितळी घंटी होती. तिथून तार निघून दारावरून बोळात गेलेली. कप्पी घासून, तेल देऊन लख्ख केलेली.

"कसं कळलं त्याला?"

"पल्याडच्या गल्लीतली एक म्हातारी आली हुती, आजारी हायत म्हणून बघाया. दारात उबी राहिली आन् तिचा हात आपसूक चौकटीकडं गेला. हितं मूठ हुती की ओ, म्हणली. हे तर अंथरुणातनं उठून बसले. आठ दिवसांत सगळं बसवून घेतलं, हितं पडूनच सांगायचे, तार जरा ताणा, जरा सोडा. पर कुणाला वाजवू दिली न्हाई. नातवंडांना सुदिक न्हाई. म्हणले, विजूच्या वडलांची घंटी हाय, पयल्यांदा विजूनं वाजवायची. तो बाहेरनं वडंल आन् मी हितनं ओरडंन, एरियल लागली रं!" वहिनी हसता हसता पदर डोळ्याला लावू लागल्या. "तुमाला म्हाईत नव्हतंच न्हवं, भाऊजी?"

मी म्हणालो, "माहीत होतं, वहिनी." आणि सगळं सांगितलं. पेन्सिल, तार, लिंबाखालची गाडी, अण्णांची खुर्ची. आयुष्यात पहिल्यांदा सलग सांगितलं. संपल्यावर वहिनी म्हणाल्या, "ह्यांना सांगायचं हुतं की हो..."

"काय म्हणाला असता?"

"काय म्हणले असते काय म्हाईत. पयलं झडप वाजवून दोन डोस मागवले असते." मग उठता उठता म्हणाल्या, "जावा. बाहेर जाऊन वाजवा. त्यांचं तेवढं राहिलंय."

मी बाहेर आलो, त्यांनी आतून दार लावलं. मूठ नवी, शिसवीची. त्याच्याच हातची असावी, बोटं बसतील अशा खाचा होत्या तिला. त्या घरात मी वाढलो, पण ती मूठ मी कधी ओढली नव्हती. घरातल्या माणसाला ती ओढायचं कारण नसतं. मी ओढली. हाताला तारेचा ताण लागला, मूठ परत गेली. बस्स. एवढ्या जाड दगडी भिंती, लांब बोळ... बाहेर काहीही ऐकू येत नाही. आत वाजली की नाही हे ओढणाऱ्याला कळतच नाही. त्यानं फक्त धरून चालायचं, की वाजली असेल, कुणीतरी उठलं असेल, येतच असेल. म्हणून तो माणूस ओरडला नाही. म्हणून त्यानं दार बडवलं नाही.

मी परत एकदा ओढली आणि पायरीवर बसलो. लिंब अजून आहे. आतून पावलं वाजेपर्यंत मी तिथं बसून होतो, दाराकडं बघत.