इस्त्रीवाल्या मावशी आणि पाच निळे कोट

१४ जूनला आमच्या वस्तीच्या स्वागत समितीच्या खात्यात ४८,६५० शिल्लक होते, आणि रंगाऱ्याच्या मुलीला लिफ्ट दुरुस्तीच्या वर्गाची फी भरायला ६,२०० हवे होते. मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी एकपर्यंत. बाहेरून नव्याने आलेल्या कुटुंबांच्या मुलांना शिक्षण, कामधंदा मिळावा म्हणूनच ही समिती काढलेली, त्यामुळे प्रश्न सोपा वाटेल. ज्याला तो सोपा वाटला, त्याने समितीत काम केलेले नाही.

मुलीला घेऊन आल्या त्या इस्त्रीवाल्या मावशी. त्यांच्याविषयी आधी सांगतो, कारण समितीच्या अहवालात त्यांचे नाव कुठे नाही.

मावशीही तीस वर्षांपूर्वी अशाच बाहेरून आल्या. नवरा ट्रक चालवायचा. तो गेल्यावर त्यांनी आमच्या इमारतीच्या जिन्याखाली टेबल मांडले. जागा इतकी बुटकी, की गिऱ्हाइकाचे डोके एकदा तरी आपटतेच. कपड्यांवरून त्यांना घर कळते. कुणाची नोकरी सुटली, कोण एकच शर्ट आठवड्यात तीनदा इस्त्रीला टाकतो, सगळे ठाऊक. नव्या घरातले कुणी मुलाखतीला निघाले, की त्याच्या शर्टाची इस्त्री फुकट. वर कुठल्या कारखान्यातला मुकादम सरळ आहे, हेही सांगून पाठवायच्या. अशा रीतीने त्यांनी अकरा जणांना कामाला लावले. समितीने दोन वर्षांत एकालाही नाही. पण समितीकडे लेटरहेड आहे.

समितीने वर्गणीतून आधी फलक केला, मग खुर्च्या घेतल्या आणि गेल्या वर्षी पदाधिकाऱ्यांसाठी पाच निळे कोट शिवून घेतले. ‘नवीन लोकांना आपल्याबद्दल विश्वास वाटला पाहिजे,’ असे अध्यक्षांचे म्हणणे. पाचवा कोट खजिनदाराचा, म्हणजे माझा. मदतीचे नियमही झाले. नियम पहिला: अर्जदाराला वस्तीत येऊन दोन वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा. नियम चौथा: अर्जदाराला किमान तीन वर्षे ओळखणाऱ्या स्थानिक रहिवाशाची सही हवी. दोन्ही एकमताने मंजूर. माझाही हात वर होता. त्यानंतर एकही अर्ज नियमात बसला नाही, तेव्हा अहवालात लिहिले गेले, ‘गरजू आढळले नाहीत.’

तर त्या संध्याकाळी सभेत मुलीच्या अर्जावर मावशींची सही होती.

“मावशी, हे कुटुंब येऊन आठ महिने झाले,” अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले. “तुम्ही तीन वर्षं ओळखता कशा?”

“आठ महिने यांचे कपडे माझ्या हाताखालून जातायत. तुमचे बावीस वर्षं. कुणाला किती ओळखते, ते सांगू का सगळ्यांपुढे?”

चिटणीस उगाचच खोकले.

“तसं नाही हो, पण नियम म्हणजे नियम,” अध्यक्ष म्हणाले.

“मग हा नियम बसतो कुणाला, तेवढं सांगा. त्या माणसाला मी शोधून आणते.”

मुलीच्या नखांत अजून पांढरा रंग होता. ती हळूच म्हणाली, “काका, उद्या फी नाही भरली तर जागा दुसऱ्याला देतील. वर्ष गेलं, की बाबा मला कायमची रंगाच्या कामावर नेतील.”

“अगं, आमचा विरोध थोडाच आहे! पुढच्या सभेत नक्की विचार करू.”

पुढची सभा ऑगस्टमध्ये होती.

“बरं,” मावशी उठल्या. “चल गं पोरी.” दारात थांबून त्या म्हणाल्या, “आणि अध्यक्षसाहेब, तुमचे पाचही कोट माझ्याकडे आलेत इस्त्रीला. त्यांचाही विचार पुढच्या सभेत करू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला समितीचा वार्षिक समारंभ होता. पाहुणे ठरलेले, फोटोग्राफर सांगितलेला.

“मावशी, ही काय थट्टा?” अध्यक्ष खुर्चीवरून अर्धवट उठत म्हणाले.

“थट्टा कसली? माझाही नियम आहे. तीन वर्षांच्या ओळखीशिवाय माल परत देत नाही. कोट शिवून तर वर्षच झालंय.”

दहा मिनिटांत चौथा नियम एकमताने रद्द झाला. मुलांच्या कळकळीने दोन वर्षांत जे झाले नव्हते, ते कोटांच्या काळजीने झाले. चेक मी लिहिला, अध्यक्षांनी सही केली. मावशींनी चेक दिव्याखाली धरून वाचला, मुलीच्या हातात दिला आणि मगच कोट आणायला माणूस पाठवा म्हणाल्या.

समारंभात अध्यक्ष कडक इस्त्रीच्या कोटात उभे राहून म्हणाले, “अशी गुणी मुलं आम्ही शोधून काढतो!” टाळ्या पडल्या. मुलगी तेव्हा फीच्या खिडकीसमोर रांगेत होती. मावशींना आमंत्रण नव्हते. त्या जिन्याखाली काम करत होत्या.

मुलीचे आता दुसरे सत्र चालू आहे. यंदाच्या अहवालात तिचा फोटो पहिल्या पानावर आहे.

पाच कोटांच्या इस्त्रीचे दोनशे समितीने मावशींना अजून दिलेले नाहीत.