माडीवरची अंगाई

आत्या संगणकांशी गप्पा मारते, अशी गल्लीभर आवई होती. छे! ती नुसती स्वतःशी पुटपुटते. तिच्या दिवंगत आईच्या आवाजातली अंगाई माडीवरच्या जुन्या संगणकात होती. तो धापा टाकत होता, आणि फाइल घ्यायला खालच्या नव्या संगणकाला तो नेटवर्कवर दिसतच नव्हता.

"आजीची अंगाई गेलीच समज," भाची म्हणाली. "पैज! हरले तर आठवडाभर तुझी नक्कल बंद."

आत्यानं जुन्याची सेटिंग उघडली. "अगं बाई! नेटवर्क पब्लिक ठेवलंय. बिचाऱ्याला वाटतंय, आपण भर बाजारात बसलोय, म्हणून लपलाय." तिनं ते प्रायव्हेट केलं.

खाली नव्या संगणकातून अंगाई झिरपली. तिन्हीसांजेचं घर हलकेच तरंगायला लागलं. भाचीनं आत्याच्या सुरात "अगं बाई!" म्हणायला तोंड उघडलं, आणि मुकाट मिटलं.