रजनीचा फॉर्म मी भरला होता

भंडाऱ्याच्या बसस्थानकावर सकाळी सहाच्या सुमारास रजनी मला दिसली ती चक्क एका पायावर उभी. महिलांच्या जिममधली पहिली बॅच उघडून देऊन, फरशी पुसून, आरसे कोरडे करून ती तशीच आली होती आणि नागपूरच्या गाडीची वाट पाहत होती. "हे काय गं बगळ्यासारखं?" मी विचारलं. "बॅलन्स करून राहिलो, मॅडम. गाडी येईपर्यंत टाइम कायले वाया घालवाचा?" आमच्याकडे बायकाही 'करतो', 'जातो' म्हणतात, वर्गात ते सुधारणारी मी, रजनीच्या तोंडी मात्र मला ते गोड वाटायचं. आजूबाजूची माणसं तिच्याकडे टकामका पाहत होती, तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्या दिवशी तिची पर्सनल ट्रेनरच्या कोर्सची शेवटची, प्रात्यक्षिक परीक्षा होती. मी तिच्या पिशवीत दोन लिंबं आणि ग्लुकोजचा पुडा कोंबला. गाडी हलली तेव्हा तिने खिडकीतून माझ्या खांद्यांकडे बोट दाखवलं आणि हात खाली दाबल्यासारखा केला... खांदे खाली सोडा, कानाला लावू नका. मी सोडले. धडधाकट, चालतीबोलती रजनी मी पाहिली ती तेव्हाच शेवटची. तेव्हा मे महिना होता. आता जुलै अर्धा सरलाय, तरी फळ्याकडे तोंड करून लिहायला लागले की मागून कोणीतरी माझे खांदे पाहतंय असं वाटतं. मी वळून पाहते. मुलं आपापल्या वहीत लिहीत असतात.

मी राहते भंडाऱ्यात आणि शिकवते शहापूरच्या शाळेत. चार वर्षांपूर्वी गुडघ्याने असहकार पुकारला आणि डॉक्टरांनी मला जिमची वाट दाखवली. तिथे रजनी काउंटरवर बसायची, पावत्या द्यायची आणि मधल्या वेळात फरशी पुसायची. शिकवायला एक ट्रेनर नागपूरहून यायची, आठवड्यातून तीन दिवस. उरलेले दिवस आम्ही बायका आपल्या मनानेच हातपाय हलवायचो. एकदा मी उठाबशा काढत होते तर मागून आवाज आला, "मॅडम, राग नोका मानू, पन तुमचा गुडघा आतमंदी पडून राहिला. बाहेर लोटा त्याले, दरवाजा लोटल्यावानी." हातात पोछा घेतलेल्या बाईने मला शिकवावं... खोटं कशाला बोलू, क्षणभर मास्तरीणपणा दुखावला. पण गुडघा बाहेर लोटला आणि कळ गेली. मग चौकशी केली. माहेर मोहाडीचं, शाळेत कबड्डी खेळलेली, बारावी पास, शहापुरात दिलेली. नवरा विनोद राइस मिलमध्ये कामाला, मुलगी समीक्षा आमच्याच शाळेत. माणसाचं शरीर चालताना कुठे अडतंय हे रजनीला दुरून दिसायचं. एखादीला भातातला खडा दिसावा तसं. जिमच्या मालकीणबाईंना ते कळलं होतं. त्या म्हणाल्या, सर्टिफिकेट आण, सकाळची बॅच तुझी.

कोर्स सहा महिन्यांचा, शनिवार-रविवारी नागपूरला वर्ग, आणि पुस्तक सगळं इंग्रजीत. ते पुस्तक घेऊन ती माझ्याकडे आली ती डिसेंबरात. तेव्हापासून तिच्या दिवसाकडे पाहून मलाच धाप लागायची. पहाटे जिम, मग घरी येऊन स्वयंपाक, समीक्षाची वेणी, दुपारी सासूबरोबर वावरात, संध्याकाळी परत जिम, आणि यातून जो वेळ सांडेल तो पुस्तकाला. स्नायूंची नावं काही केल्या पाठ होईनात. तेव्हा तिने एक युक्ती काढली. समीक्षाला समोर बसवायची आणि स्केचपेनने तिच्या हातापायांवर नावं लिहायची. पोरगी एक दिवस दंडावर 'बायसेप्स' आणि पोटरीवर भलं लांबलचक काहीतरी मिरवत शाळेत आली. मी दरडावलं, तर म्हणाली, "आईचा पेपर आहे, मॅडम. रविवारपर्यंत पुसू नोको म्हनते." सगळा वर्ग हसला, मीही हसले. उन्हाळी धानाच्या रोवण्यात रजनी बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरली तर तिथेही तिचा वर्ग सुरू. बायकांना सांगायची, पाठ वाकवू नका, कमरेतून वाका. एक म्हातारी म्हणाली, "बाप्पा, साठ वर्सं झाले वाकून, आता ही वाकनं शिकवते!" पण चार दिवसांनी तीच म्हातारी रजनीच्या शेजारची जागा धरून बसली. "आता पाठ नाही धरत जी," असं तिने मला स्वतः सांगितलं.

आता त्या फॉर्मचं. हे लिहायला मी दोन महिने टाळाटाळ केली आहे.

खेड्यातल्या शाळेत मास्तर-मास्तरणींना सगळ्या गावाचे फॉर्म भरावे लागतात. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, रेशन, घरकुल... लोक कोरा कागद घेऊन येतात आणि समोर उभे राहतात. बावीस वर्षांत मी किती फॉर्म भरले त्याला गणती नाही, आणि त्यातून एक शहाणपण शिकले. रकाना कोरा सोडायचा नाही, आणि जमेल तिथे 'हो' लिहायचं नाही. 'हो' लिहिलं की आणखी एक कागद जोडावा लागतो, त्या कागदासाठी आणखी एक खेप, आणि तोवर मुदत उलटलेली असते. 'नाही' लिहिलं की फॉर्म सुटतो. या शहाणपणाने मी कित्येकांची कामं मार्गी लावली. त्याचा मला अभिमान होता.

एप्रिलमध्ये रजनी परीक्षेचा फॉर्म घेऊन आली. "तुमचं अक्षर चांगलं आहे, मॅडम, तुमीच भरा." दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. फॉर्ममागे तब्येतीची प्रश्नावली जोडलेली. छातीत दुखतं का, चक्कर येते का... मी विचारत गेले, ती 'नाही' म्हणत गेली, मी खुणा करत गेले. मग रक्ताच्या आजाराचा प्रश्न आला. ती उठून दार लोटून आली. "मॅडम, शाळेत असतानी रक्त तपासलं होतं. सिकलसेलचं कार्ड देलं होतं मले. वाहक." सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, आमच्या भागात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वाहक म्हणजे आजारी नव्हे, असं तिला तेव्हा सांगितलं होतं आणि ते खरंच होतं. फक्त लग्न जुळवताना दोघांची कार्डं पाहा, दोघंही वाहक असले तर मुलाला आजार होऊ शकतो, एवढंच बजावलं होतं. आणि नेमकं लग्नाच्याच वेळी तिच्या आईने ते कार्ड लपवलं होतं. सासरी कोणालाच माहीत नव्हतं. "त्रास होतो का कधी?" मी विचारलं. "काही नाही जी. धान कापतो, पोतं उचलतो. कधी काही झालं नाही." मग म्हणाली, "लिवाचं का, मॅडम?" तिने विचारलं होतं. हे मला विसरता येत नाही... तिने मला विचारलं होतं. मी हिशेब केला. 'हो' म्हटलं तर डॉक्टरचा दाखला, मुदत उद्याची, घरात प्रश्न. मी म्हटलं, "त्रास नाही ना? मग नाहीच लिहू." आणि माझ्या चांगल्या अक्षरात लिहून टाकलं. ती इतकी मोकळी हसली की मलाच आपण मोठं काम केल्यासारखं वाटलं.

परीक्षेच्या आधीचे दोन दिवस ती उन्हाळी धानाच्या कापणीत होती. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना मी वेगळं काय सांगू! परीक्षेत दुपारी मैदानावर धावण्याची चाचणी होती, ठराविक वेळेत ठराविक फेऱ्या. तिच्याबरोबरच्या मुली सांगतात की शेवटच्या दोन फेऱ्यांत ती लंगडत होती, थांब म्हटलं तरी थांबली नाही. लिंबं आणि ग्लुकोज पिशवीतच होतं, कारण चाचणीच्या मधे पाणी प्यायला लागलो तर वेळ जाईल, असं तिचं तिनेच ठरवलं होतं. चार वाजता विनोदचा फोन आला. "मॅडम, रजनी पडली जी. दवाखान्यात नेलं म्हनतात. तुमी याल का संगं?"

आम्ही नागपूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा ती शुद्धीवर होती. "पाय दगडावानी झाले, मॅडम," म्हणाली, आणि लगेच, "पास होईन ना?" मी हो म्हटलं. इतक्या वर्षांच्या हिशेबात एक 'हो' मी लिहायचा तिथे लिहिला नाही, आणि म्हणायचा नव्हता तिथे म्हटला. स्नायू आतल्या आत तुटत होते आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर, हृदयावर येत होता, हे आम्हाला नंतर समजावून सांगण्यात आलं. एका तरुण डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, "यांना सिकलसेलचं काही आहे का?" विनोद म्हणाला, "नाही साहेब, काहीच नाही." मी त्याच्या शेजारी उभी होते. तो औषधं आणायला खाली गेला, मग मी डॉक्टरांना गाठून सांगितलं. मधे पाव तास गेला असेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागावले नाहीत, लिहून घेतलं आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत रजनी गेली. चौतीस वर्षांची होती.

मी डॉक्टरांना नंतर भेटले. आधी कळलं असतं तर परीक्षेला बसूच दिलं नसतं ना, असं मी विचारलं. मला बहुधा तेवढाच एक आधार हवा होता. ते म्हणाले, "नाही हो, बसू दिलं असतं. वाहक असलेले लोक खेळतात, धावतात. फक्त सावलीत, थांबत थांबत, पाणी पाजत धावायला लावलं असतं." म्हणजे त्या 'हो'ची किंमत पाण्याचे चार घोट होती.

तेव्हापासून मी जिमला गेले नाही असं नाही. गेले. आरशासमोर उभी राहिले की माझ्यामागची ती जागा दिसते जिथे पोछा घेऊन ती उभी असायची. गुडघा आत पडला की मी थांबते, कोणीतरी बोलेल म्हणून. शेजारच्या बायका समजतात मी दमले. घरी जिना चढताना पायऱ्या मोजल्या जातात आणि मोजणारा आवाज माझा नसतो. शाळेचे फॉर्म आले की अजूनही पेन आधी 'नाही'कडेच जातं, आणि मग एखादा फॉर्म मी दोन-दोन दिवस तसाच ठेवते. गावातले लोक म्हणतात, मॅडमचं वय झालं.

जूनच्या शेवटी मी मोहाडीला गेले. विनोदलाही बोलावलं होतं. रजनीच्या आईसमोर बसून मी सगळं सांगितलं, फॉर्मचं आणि त्या पाव तासाचंही. विनोद जमिनीकडे पाहत म्हणाला, "मले सांगतलं असतं तिनं, तर मी का हाकलून देलं असतं तिले?" तो हे मला म्हणत होता की सासूला, की तिलाच, कळलं नाही. आईने उठून पेटीतून कार्ड काढलं. कडा झिजलेल्या. "मीच म्हटलं होतं, सासरी दाखवू नोको. मोठ्या पोरीले पाह्याले आलेला पाहुना याच्यापायी परत गेलता जी. भेव बसलं होतं मनात." मग ती माझ्याजवळ सरकली. मला वाटलं आता शिव्या घालेल, आणि घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "तुमी लिवता ना पेपरमंदी? हे लिवा. माह्या पोरीचं नाव घालून लिवा. कार्ड लपवाची चीज नाही मनून लिवा." म्हणून हे लिहिते आहे. रजनी चांगली होती, कष्टाळू होती, हे सगळे म्हणतातच. तिच्या आईने मला कार्डाचं लिहायला सांगितलं होतं.

समीक्षाचं रक्त तपासलं. निकाल काय आला ते इथे सांगणार नाही; ते तिचं आहे, मोठी झाल्यावर ती ठरवेल. पण ती धावते, आईपेक्षा वेगात धावते, आणि मी तिला अडवत नाही. शाळा सुरू झाल्यापासून खेळाच्या तासाला मी मैदानावर उभी असते. पोरांनी दोन फेऱ्या मारल्या की शिट्टी, सगळे झाडाखाली, सगळ्यांनी पाणी प्यायचं, मगच पुढच्या फेऱ्या. पोरं कुरकुरतात. मागच्या गुरुवारी समीक्षा माझ्यासमोर उभी राहिली, घामाने निथळलेली, हातात पाण्याची बाटली.

"मॅडम, आता सारखं सारखं पानी कायले पाजता? आंधी त नव्हते पाजत."

मी म्हटलं, "धावताना पाणी लागतं बाळा."

तिने थोडा विचार केला. "मंग माह्या आईले कोनं पाजलं नाही का?"

बावीस वर्षं वर्गात उभं राहून बोलण्याचा माझा धंदा आहे. मी खाली बसले, तिच्या उंचीला आले. "नाही पाजलं. पाजायला हवं होतं. तिच्या रक्ताचं मला माहीत होतं. मी कागदावर लिहायला पाहिजे होतं. मी लिहिलं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. बाटलीतलं उरलेलं पाणी तिने संपवलं, बाटली माझ्या हातात दिली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. सगळी पोरं माझ्याकडे पाहत होती. शिट्टी तोंडात धरली होती मी... ती फुंकायला मला बराच वेळ लागला.