पितळी ड्रमवरचा नंबर

आमच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळलेला एक पितळी साइड ड्रम होता. त्याच्यावर नंबर कोरलेला होता आणि त्या नंबराला माझे सासरे तीस वर्षं भीत आले होते. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं, "त्या पोत्याला हात लावायचा न्हाई."

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. निजामाच्या राज्यात ते हैदराबादेत फौजेच्या बँडात वाजवायचे. पोलीस अ‍ॅक्शननंतर फौज मोडली, तेव्हा बँडमास्तरनं जाता जाता तो ड्रम त्यांच्या हातात ठेवला. चिठ्ठी नाही, कागद नाही. सरकारचा माल आपल्या घरात हाय, एक दिवस जीप येणार, हे त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

नामांतराचं पेटलं त्या साली आमच्या वस्तीवर दगड आले. नवऱ्याचा ड्रम दारातच फुटला. गावानं आमच्या बँडला लग्नाची सुपारी देणं बंद केलं. नवरा ऊस तोडायला निघाला आणि जाताना म्हणाला, "माळ्यावरचा परभणीला दाखवून या. वाजण्याजोगा असंल तर ठिऊ, नसंल तर इकू."

मी तो चिंचेनं घासला. काळं निघालं तसा नंबर कालच कोरल्यासारखा चमकायला लागला. मामा बघून म्हणाले, "कशाला घासलं, बाई?" मलाही तेच वाटायला लागलं.

चुडाव्याहून आम्ही गाडीत बसलो. मामांनी पोतं मांडीवर घट्ट धरलं होतं. त्या दिवसांत परभणी स्टेशनवर पोलीस सामान उघडून बघायचे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. एका शिपायानं पोत्यावर काठी मारली. टण्ण वाजलं. आजूबाजूची माणसं मागं सरकली.

"काय हाय ह्याच्यात? काढ भाईर."

मामांनी घाईघाईनं पोतं सोडलं. मी म्हणाले, "ड्रम हाय साहेब. दुरुस्तीला चाललाय."

"गाव कोणतं? गावात कुठं राहता?"

गावाचं नाव सांगितलं, वस्तीचं सांगितलं नाही. त्यानं ड्रम फिरवला आणि नंबरावर अंगठा ठेवला. "आन् हे?"

"कंपनीचा नंबर हाय," मी म्हणाले. कशावरून म्हणाले कुणास ठाऊक. त्यानं दोन बोटांनी कातडं वाजवलं आणि म्हणाला, "जा."

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या चाचांचं दुकान बाजारात होतं. त्यांनी ड्रम मांडीवर घेतला. खालच्या कातड्यावरच्या आतड्याच्या तातीच्या दोऱ्या चाचपल्या, कातडं कसायचे स्क्रू एकेक फिरवून पाहिले. मग वरचं कडं कातड्यासकट काढून आत डोकावले आणि मान वर करून म्हणाले,

"ये कहाँ से आया?"

मामा उठलेच. "ठिवा तुमीच. आमाला नको." चाचा म्हणाले, "बैठो, बड़े मियाँ," आणि स्वतः दुकानाबाहेर पडून रस्त्यापलीकडे गेले. पोलिसाला बोलवायलेत, मला खात्रीच वाटली. मी मामांचा हात धरला. पळावं तर ड्रम घेऊन की टाकून, तेही सुचेना.

चाचा परत आले ते घड्याळवाल्याचं भिंग घेऊन. ते डोळ्याला लावून त्यांनी आतली पुसट अक्षरं वाचली.

"इलायती माल है. नंबर कारखान्याचा हाय, फौजेचा न्हाई. फौजेचा असता तर भाईरून बिल्ला ठोकलेला असता. त्याची भोकं कुठं हायेत?" त्यांनी पितळ फिरवून दाखवलं. खरंच कुठं भोक नव्हतं. "वरचं कडं नंतर बसवलेलं हाय, त्यानं किंमत उतरते. बाकी समदं अस्सल. पितळेला पोचा न्हाई. मोडवाल्याला वजनावर दिऊ नका. हौशी माणूस दहापट दील."

मामांनी किंमत विचारलीच नाही. "म्हंजी मागायला कुणी येणार न्हाई?"

"कौन आएगा? तुमचाच हाय."

मामा दुकानाच्या फळीवर बसून रडले. चाचांनी चहा मागवला. पण परत स्टेशनवर आलो तेव्हा शिपाई तिथंच होता. त्याला बघून मामा खांबाआड झाले आणि गाडी येईपर्यंत बाहेर आले नाहीत. मीही पोत्यावर पदर टाकून उभी राहिले.

हंगाम संपवून नवरा आला. त्याला मी सगळं सांगितलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यातली लग्नं मिळाली, तेव्हा त्यानं तो ड्रम गळ्यात घातला. आवाज काय होता! वस्तीतली पोरं मागं धावायची. मामा मात्र तो वाजायला लागला की घरात जाऊन कडी लावायचे. एकदा मी दाराबाहेरून म्हणाले, "मामा, चाचांनी सांगितलंय ना, तुमचाच हाय म्हणून."

आतून आवाज आला, "त्यांनी सांगितलं, बाई. पोलिसानं कुठं सांगितलंय?"