शिकागोतला पक्षीमुखी देव आणि बाबांचं व्याख्यान

शिकागोला जायचं ठरलं ते चक्क भांडणामुळे. माझे बाबा, नागपूरचे निवृत्त गणित शिक्षक, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे, शिकागोपासून साडेचार तासांवरच्या नोव्हायला आलेत. इथल्या मराठी मंडळात त्यांचं व्याख्यान होतं: ग्रीकांना सगळं आपणच शिकवलं! घरी तालीम चालायची. लहानपणी गाणं शिकल्यामुळे गुरूला मान म्हणून कानाच्या पाळीला हात लावून आधी आपल्या मास्तरांचं नाव घ्यायचे, मग सुरुवात. जेवताना माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीनं, ईरानं, विचारलं, "आजोबा, सोर्स काय? ग्रीक्स तर इजिप्तचं नाव घेतात."

झालं! बाबांनी ताट सरकवलं आणि नातीशी अबोला धरला. आठ दिवस! परतीचं विमान तीन आठवड्यांवर; असेच रुसून गेले तर? माझा जीव टांगणीला. म्हटलं, चला, दोघांना शिकागोच्या म्युझियममधलं इजिप्तच दाखवू.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. आय-९४ सरळसोट, साडेचार तास. तिकडे घड्याळ तासभर मागे, म्हणून म्युझियम उघडायच्या आत पोचता येतं. पार्किंग मात्र आधी बुक करा, नाहीतर ते तिकिटांपेक्षा भारी पडतं. तिखटमिठाच्या पुऱ्या रेस्ट एरियात खाल्ल्या. आजोबा डावीकडे बघत, नात उजवीकडे.

इजिप्तच्या दालनात थॉथची मूर्ती आहे. धड माणसाचं, तोंड पक्ष्याचं, हातात लेखणी. लेखनाचा, गणिताचा, गूढविद्येचा देव.

"अगं, हा तर यांचा गणपती!" बाबा म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत बूट काढून, हात जोडून उभे! गार्ड लगबगीनं आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ईरा मात्र पुढे झाली. "ही इज प्रेइंग. जस्ट अ मिनिट, प्लीज." आजोबांचे बूट तिनं हातात धरून ठेवले होते.

तिथल्या वयस्कर गाइडबाई हसत पुढे आल्या. ग्रीकांनी थॉथला आपल्या हर्मीस देवाशी एक मानलं, त्या जोडदेवाच्या नावावर पुढे गूढविद्येचे ग्रंथ ग्रीकमध्ये लिहिले गेले, असं त्यांनी सांगितलं. बाबांना त्यांचे उच्चार झेपेनात, म्हणून ईरा अडखळत मराठीत सांगू लागली. "आजोबा, ग्रीक लोक म्हणायचे की आमचे मोठे थिंकर्स इजिप्तच्या भटजींकडे ट्यूशनला गेले."

बाबांना हसूच फुटलं. "खरंच गेले होते?"

"किती खरं, त्यावर स्कॉलर्स भांडतात. पण दुसऱ्यांकडून शिकलो हे सांगायला ते लाजले नाहीत, असं ही गाइड म्हणते."

परतीच्या वाटेवर कालामाझू गाव मागे पडल्यावर बाबा म्हणाले, "ईरा, तो सोर्स मला दाखवशील?" मी गाडीच्या आरशात बघायचं टाळलं, रडायलाच आलं असतं.

फोटो चिक्कार काढले, पण मनात राहिलाय तो पुढचा रविवार. मंडळाच्या हॉलमध्ये बाबा उभे राहिले. विषय बदलला होता: ग्रीक कुणाकडून शिकले? कानाला हात लावून त्यांनी मास्तरांचं नाव घेतलं. मग हात पुन्हा कानाकडे गेला.

"आणि ईरा," ते म्हणाले.