सासऱ्याला कूलर, बाटल्यांना एसी

माझा साडू लई शहाणा. इतका, की बीअर प्यायची नसते हे मला त्याच्याकडून कळलं. ती म्हणे मुरवायची असते. लोणचं आहे का?

कंपनीच्या कामाला बेल्जियमला गेला आणि तिथल्या कडक, काळ्या बीअरच्या दोन बाटल्या घेऊन आला. तेव्हापासून इथल्या स्ट्राँग बीअरचं नाव काढलं की नाक मुरडतो. "ही आत्ता उघडली तर माती केली समज. चार-पाच वर्षं अंधारात, गारव्यात ठेवायची. मग बघ." संभाजीनगरात गारवा! मे महिन्यात आमच्या नळाला चहाचं पाणी येतं. पण पठ्ठ्यानं बाटल्या बेडरूमच्या कपाटात उभ्या केल्या आणि उन्हाळाभर एसी लावून ठेवला. त्याच उन्हाळ्यात आमचे सासू-सासरे वैजापूरहून दवाखान्यासाठी त्याच्याकडं राहायला आलेले. त्यांच्या खोलीत खडखडणारा कूलर.

सासऱ्यांचा जन्म मार्केट यार्डात कांद्याच्या अडतीवर गेला. माणूस मोठा रंगेल. श्रावण लागायच्या आधी, गटारीला, दोन्ही जावयांना घेऊन दुपारी बसायचं हा त्यांचा नेम. सासूबाई तेवढ्यापुरत्या शेजारी जाऊन बसायच्या. त्या गटारीला त्यांनी कपाटाकडं बोट दाखवलं.

"जावईबापू, त्यातली एक फोडा की."

"मामा, अजून कोवळी आहे ती."

"अन् मी? मी काय मुरायचा राहिलोय का?"

मी खो खो हसलो. साडू जागचा हलला नाही. सासरे मुकाट्यानं इथलीच प्यायले. माझं डोकंच फिरलं. अरे, म्हातारा माणूस तोंडानं मागतोय, आणि तू बाटलीचं वय बघतोस?

पुढं सासूबाईंचं मोठं ऑपरेशन निघालं. सासरे दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून बोलून गेले, ही उठून बसली तर माळ घालीन. सासूबाई उठून बसल्या. यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली. मटण बंद, दारू बंद, कायमची. दिलेला शब्द मोडणारा हा माणूस नव्हे.

आणि यंदाच्या गटारीला साडूनं जाहीर केलं, आता मुरली! काय पण मुहूर्त! सासरे वरण-भात जेवून सवयीनं आमच्यात येऊन बसले. देवा, नासकी निघू दे, असं मी मनात म्हणालो आणि घोट घेतला. नासकी कुठली! असली चीज मी जन्मात चाखली नव्हती. त्याचाच जास्त संताप आला.

"कशी लागतीय?" सासऱ्यांनी विचारलं.

साडू डोळे मिटून काळे मनुके, गूळ असलं काही पुटपुटायला लागला. मी त्याच्या पायावर पाय दिला. "काय नाय मामा. फेकून द्यायच्या लायकीची."

सासऱ्यांनी माझ्या ग्लासाकडं बघितलं. त्यात थेंब उरला नव्हता.

"व्हय का," ते म्हणाले, आणि आमच्यासाठी शेंगा सोलायला लागले.